पावसानंतर हब गिअर सटकतो: पाणी आत कसं शिरतं आणि बाहेर कसं काढायचं

तक्रार बहुतेकदा एकाच सुरात येते. पावसाचे आठ-पंधरा दिवस गेले की मागच्या चाकातला हब गिअर, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्यात (हबमध्ये) बंद असलेले गिअर, सटकायला लागतो. पायडल दाबलं की क्षणभर काहीच लागत नाही, पाय रिकामाच खाली जातो, मग टक्‌ आवाज होऊन चाक पकडतं. सकाळी पहिल्या पाच मिनिटांत हे जास्त, नंतर कमी. दुकानात नेली की वायर ताणून मिळते, चार दिवस बरे जातात आणि पुढच्या पावसात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यातून सुटायचं तर आधी वायरचा दोष आणि पाण्याचा दोष वेगळे ओळखता यायला हवेत. मग पाणी आत कसं जातं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक जण भोक बुजवायला जातात आणि खरी भानगड भोकाची नसतेच.

आधी वायर

वायर तपासायला दोन मिनिटं लागतात, म्हणून सुरुवात तिच्यापासून. प्रत्येक हबचा एक ठरलेला गिअर असतो, त्यावर ठेवून खुणा जुळवायच्या. शिमानोच्या सात आणि आठ गिअरच्या नेक्ससमध्ये तो चौथा, अकरा गिअरच्या आल्फिनीत सहावा, तीन गिअरच्या नेक्ससमध्ये दुसरा. एकदा-दोनदा गिअर वरखाली करून मग त्या गिअरवर या आणि हबजवळच्या रंगीत रेषा समोरासमोर आहेत का बघा. जुन्या स्टर्मी-आर्चर तीन गिअरच्या हबमध्ये दुसरा गिअर टाकून उजव्या नटाच्या खिडकीतून बघायचं: साखळी जोडलेल्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी सपाट दिसला पाहिजे. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक मोकळी जागा आहे, तिथे काहीच लागत नाही. वायर थोडी जरी सरकली तरी नेमकं तिथेच अडकायला होतं, आणि उभं राहून पायडल मारत असाल तर सरळ दांडीवर आपटाल. दोष सापडेपर्यंत बसूनच चालवा.

रोलॉफच्या चौदा गिअरच्या हबचं गणित वेगळं आहे. त्याचे खटके हबच्या आतच असतात, वायर फक्त फिरवण्याचं काम करते. त्यामुळे तो सटकत असेल तर ढिल्या वायरला दोष देऊन उपयोग नाही.

वायरच्या दोषाचा स्वभाव ठरावीक असतो. तो ठरावीक गिअरमध्येच येतो आणि मागाल तेव्हा दाखवता येतो. पाण्याचा दोष फिरतीवर असतो: आज तिसऱ्यात, उद्या सहाव्यात, परवा कुठेच नाही.

या दोघांच्या मधे एक तिसरा प्रकार बसतो आणि तो बऱ्याचदा सुटून जातो. पाणी हबमध्ये न जाता वायरच्या कव्हरमध्ये जातं. हँडलकडून येणारी वायर फ्रेमच्या तळाशी वाकून पुन्हा हबकडे चढते, आणि त्या खोलगट वळणात पाणी साचून राहतं. वायर एका दिशेला तुमचा अंगठा ओढतो, दुसऱ्या दिशेला हबमधली स्प्रिंग. अंगठ्यात जोर असतो, स्प्रिंगमध्ये तेवढा नसतो. म्हणून गंजलेल्या वायरवर एका दिशेने गिअर छान पडतात आणि उलट दिशेने उशिरा, अर्धवट. वायर हबवरून सोडवा आणि हाताने पुढेमागे ओढून बघा. खरखर लागली तर वायर आणि कव्हर दोन्ही बदला. त्यात तेल सोडून आठवडा निघेल, पुढचा पाऊस निघणार नाही.

पाणी खरंच आहे का

हब न उघडताही बरंच कळतं. डाव्या बाजूला, कोन (एक्सलवरचा, छर्र्यांना टेकणारा शंकूच्या आकाराचा नट) आणि हबच्या मधल्या फटीत बोट फिरवा. तपकिरी, विटकरी रंगाची ओल लागली तर आत गंज चालू आहे. काळपट तेल लागलं तर घाबरायचं कारण नाही, धातूची नेहमीची झीज तेलाला काळं करते. दुधाळ, राखाडी, फेसाळलेलं काही लागलं तर तेल आणि पाणी घुसळून एक झालंय.

चाक जमिनीपासून उचलून हाताने पुढे फिरवा आणि पायडलकडे बघा. पायडल आपोआप चाकाबरोबर ओढली जातात का? हब गिअरमध्ये थोडी ओढली जाणं साहजिक आहे. पण सायकल ठणठणीत असताना जेवढी ओढली जात होती त्याहून स्पष्ट जास्त असेल, तर आतलं ग्रीस चिकट झालंय किंवा कोन जास्त आवळलाय. मग चाक अगदी हळू फिरवून सोडा. थांबण्यापूर्वी ते थोडं मागे झुलून जड बाजू, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हची बाजू, खाली आणून थांबतंय का? एकदम जिथल्या तिथे थांबत असेल तर बेअरिंगकडे लक्ष द्या. एक्सलचं टोक बोटांत धरून चाक फिरवल्यावर वाळूसारखी करकर जाणवली तर छर्रे किंवा त्यांची वाटी खड्डे पडून खराब व्हायला लागली आहे.

सटकणं सकाळी जास्त आणि थोडं चालवल्यावर कमी का, याचं उत्तर खिट्ट्यांमध्ये आहे. हबमधली पकड छोट्या खिट्ट्यांवर असते. प्रत्येकीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती खिट्टीला उचलून दात्यात अडकवते. स्प्रिंगचा जोर मुद्दामच कमी ठेवलेला असतो, नाहीतर पायडल न मारता उतरताना घर्षण वाढलं असतं. पाण्याने फेसाळलेलं जुनं ग्रीस खिट्टीला चिकटलं की एवढी स्प्रिंग तिला उचलू शकत नाही. चालवून हब थोडा गरम झाला, ग्रीस सैल झालं की खिट्ट्या पुन्हा उठायला लागतात. म्हणून दुकानात नेईपर्यंत दोष नाहीसा होतो आणि मेकॅनिक म्हणतो, "सायकल तर बरी चालतेय."

तेलात चालणाऱ्या हबमध्ये, म्हणजे अकरा गिअरची आल्फिनी किंवा रोलॉफ, तपासणी आणखी सोपी: स्क्रू काढून थोडं तेल बाहेर घ्या आणि काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. पाणी मोकळं असेल तर तळाशी बसेल. सगळंच दुधाळ राहिलं तर पाणी तेलात मिसळून गेलंय. दोन्हींत निदान एकच.

पाणी गळत नाही, ओढलं जातं

हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण पुढचे सगळे उपाय यावर अवलंबून आहेत.

हबच्या आत बरीच रिकामी जागा असते आणि तिच्यात हवा असते. सायकल उन्हात उभी राहिली की हब तापतो, हवा फुगते आणि सीलच्या, म्हणजे फट झाकणाऱ्या रबराच्या कड्याच्या, कडेने थोडी बाहेर निघून जाते. मग पाऊस येतो किंवा चाक डबक्यातून जातं. हब झपाट्याने थंड होतो आणि आतली हवा आकसते. हब ४० अंशांवरून २० अंशांवर आला तर आतला दाब साधारण ६ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढा फरक सुमारे ६५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका आहे. म्हणजे तुम्ही डबक्यात चार बोटं चाक घातलंत, तरी सीलवर ताण येतो तो हब दोन फूट पाण्याखाली असल्यासारखा.

हबमध्ये ब्रेक असेल, मग तो उलट पायडलचा असो, ड्रमचा असो वा रोलर ब्रेक, तर हे आणखी वाढतं. लांब उतारावर ब्रेक धरून आलात आणि हब ६० अंशांपर्यंत तापला, तळाशी ओढ्यात घातलात आणि तो २५ अंशांवर आला, तर ताण एक मीटरहून जास्त पाण्याएवढा होतो. सायकलच्या हबचं सील एवढ्यासाठी बनवलेलंच नसतं.

यात एक महत्त्वाची अट आहे. आत ओढली जाणारी गोष्ट पाणीच असली पाहिजे असं नाही. सीलच्या ओठाशी हवा असेल तर हवा आत जाईल, आणि हवा पाण्यापेक्षा फार सहज जाते. पाणी आत जातं ते फक्त सीलची कड पाण्याने झाकलेली असते तेव्हा. म्हणून नुसत्या रिमझिम पावसात तासभर चालवून सहसा काही होत नाही. खरं नुकसान होतं ते तापलेल्या हबवर बादलीभर पाणी ओतलं, नळी मारली, चाक एक्सलपर्यंत पाण्यात घातलं, किंवा सायकल गाडीच्या मागे बांधून पावसात वेगाने नेली की. या शेवटच्या प्रकारात पाण्याचे थेंब वेगाने थेट फटीवर बसतात, आणि तेही अशा बाजूने, जिथून सायकल चालवताना कधी येत नाहीत.

दाबाच्या पाण्याने सायकल धुण्याबद्दल माझं मत एका वाक्यात: हब गिअर असेल तर करू नका. वरवरचा चिखल जातो आणि त्यातला बारीक भाग पाण्याबरोबर आत बसतो.

याशिवाय एक गुपचूप चालणारी वाट आहे. दमट हवेत हब रोज रात्री थंड होताना ओलसर हवा आत घेतो, त्यातली वाफ धातूवर दव होऊन बसते, आणि दिवसा सगळी बाहेर जात नाही. महिनोन्‌महिने न चालवलेल्या सायकलच्या हबमध्ये गंज सापडतो तो यामुळे. तिला एक थेंब पाऊस लागलेला नसतो.

वाटा कुठल्या, तर मुख्य तीन. डाव्या कोनाभोवतीची फट. उजवीकडे दातेरी चाकाखालचं धूळटोपण, ज्यावर चेनवरचं पाणी सतत टपकत असतं. आणि ज्या हबमध्ये दांडी किंवा साखळी एक्सलच्या पोकळीतून आत जाते, तिथे ती पोकळी. तिसरी वाट सगळ्यात सरळ आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. तिथली प्लास्टिकची पेटी किंवा टोपी तडकली असेल तर आज बदला.

मग हब पूर्ण बंद का करत नाहीत?

कारण त्याची किंमत पायाला मोजावी लागते. रबराचं सील जितकं घट्ट, तितकं ते फिरत्या भागावर घासतं. मोटरसायकलला याचा पत्ताही लागत नाही, पण सायकलस्वार आरामात चालवताना जेमतेम १०० वॉट देत असतो. तिथे २ वॉट घर्षण म्हणजे सरळ २ टक्के. तोच माणूस चढावर २०० वॉट लावतो तेव्हा तेच २ वॉट १ टक्का होतात. सील आणि घट्ट ग्रीस यांचा तोटा असा असतो: जोर कमी लावा किंवा जास्त, तो आपला हप्ता तेवढाच कापून घेतो. म्हणून आरामात चालवणाऱ्यालाच तो जास्त जाणवतो.

चेस्टर काइल आणि फ्रँक बर्टो यांनी २००१ साली डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारे उघडे गिअर) आणि हब गिअर यांची प्रयोगशाळेत तुलना प्रसिद्ध केली. त्यात हब गिअर सरासरी सुमारे २ टक्क्यांनी मागे पडले, आणि जोर वाढेल तशी दोघांचीही कार्यक्षमता वाढली. हे २ टक्के कोरड्या, निरोगी हबचे. पाणी शिरून ग्रीसचा चिखल झालेल्या हबची गोष्ट यात धरलेली नाही.

यातून पुढे येणारा एक उपाय फुकटचा आहे. बहुतेक हबमध्ये एक गिअर असा असतो की त्यात आतली ग्रहचाकं (मधल्या दात्यांभोवती फिरणारी छोटी दातेरी चाकं) जोर वाहतच नाहीत, दातेरी चाक आणि हब एकत्रच फिरतात. तीन गिअरमध्ये तो दुसरा, आठ गिअरच्या नेक्ससमध्ये पाचवा, रोलॉफमध्ये अकरावा. तुमचा रोजचा सपाट रस्ता या गिअरमध्ये पडावा अशा बेताने मागचं दातेरी चाक निवडलंत तर दिवसातला बराचसा वेळ तोटा सगळ्यात कमी राहतो. मागचं दातेरी चाक मोठं केलं की सगळे गिअर हलके होतात, लहान केलं की जड. मात्र निर्मात्याने पुढच्या-मागच्या दात्यांचं किमान गुणोत्तर दिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका. तसं केल्यास चढावर हबवर जास्त पीळ येतो आणि आतले दाते तुटतात. आणि चेन. कोरडी, गंजलेली, ढिली चेन ठेवून हबच्या २ टक्क्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

तर पेच असा आहे की पाण्यापासून पक्कं रक्षण आणि हलकं चालणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. माझा कौल स्पष्ट आहे. हबला अभेद्य किल्ला करण्याचा नाद सोडा. थोडं पाणी आत जाणार हे धरून चाला, आणि ते आत टिकणार नाही, गेलं तरी गंज धरणार नाही, अशी व्यवस्था ठेवा. तीन गिअरचे जुने हब दशकानुदशकं चालले ते याच पद्धतीने. त्यांच्या अंगावर तेल घालायला एक झाकणाचं भोक असायचं. थोडं थोडं तेल वारंवार आत जायचं, कडेने बाहेर झिरपायचं आणि जाताना पाणी आणि मळ घेऊन जायचं. रिम तेलकट व्हायची एवढाच त्रास.

आजच भिजला असेल तर

चाक एक्सलपर्यंत पाण्यात गेलं असेल तर त्याच दिवशी हालचाल करा. आठवड्याने केलेली साफसफाई आणि आज केलेली साफसफाई यात छर्र्यांचा जीव जातो.

सायकल कोरड्या, उबदार जागी न्या, पण हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवू नका. तेल घालायचं भोक असेल तर त्यातून हलकं तेल थोडं जास्तच सोडा, चाक दोन्ही बाजूंना आडवं करून फिरवा, सगळे गिअर टाकून बघा आणि रात्रभर खाली कापड ठेवून निथळू द्या. तेलात चालणारा हब असेल तर तेल बदलण्याचा दिवस आजच आला असं समजा. ग्रीसवाल्या हबला असं भोक नसतं. तिथे डावीकडचा नट, कोन आणि धूळटोपण काढून चाक डावी बाजू वर करून आडवं ठेवायचं, वरून पातळ तेल सोडायचं, फिरवत राहायचं. हा तात्पुरता इलाज झाला, पूर्ण धुणं पुढे करायचंच आहे.

फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवणारं पातळ तेल हबच्या फटीत मारण्याचा मोह होतो. मारू नका. ते बेअरिंगचं ग्रीस धुऊन नेतं, स्वतः उडून जातं आणि मागे कोरडा धातू ठेवतं.

उघडून धुणं

हब गिअर उघडण्याची उगाच धास्ती घेतली जाते. आतला सगळा सांगाडा सहसा एका तुकड्यात बाहेर येतो, तो सुटा करायची गरज नसते. शिमानोच्या आठ गिअरमध्ये डावीकडचा लॉकनट आणि कोन काढला की उजवीकडून पूर्ण सांगाडा ओढून काढता येतो. आधी उजवीकडचं वायरचं जोडण निघतं, तेव्हा प्रत्येक थराचा फोटो काढत जा. एक्सलवरच्या, फ्रेमच्या खाचेत बसणाऱ्या रंगीत वॉशरची जागा आणि दिशा विशेष नीट टिपा. त्या अदलाबदल झाल्या तर वायरची दिशा चुकते आणि मग नवा दोष शोधत बसाल.

जुन्या स्टर्मी-आर्चरमध्ये उजवीकडची छर्र्यांची वाटी हबमध्ये आट्यांनी बसलेली असते. तिला आट्यांच्या दोन सुरुवाती आहेत, म्हणजे ती दोन जागी बसू शकते. पंच आणि हातोडीने ती घड्याळाच्या उलट दिशेने सोडवण्यापूर्वी वाटीवर आणि हबवर समोरासमोर खूण करा आणि बसवताना तशीच बसवा. नाहीतर चाक किंचित तिरकं फिरेल आणि तुम्ही बिचाऱ्या तारांना दोष द्याल.

सांगाडा रॉकेलमध्ये ब्रशने धुवा. पेट्रोल नको, एक तर आगीचा धोका आणि दुसरं म्हणजे प्लास्टिक-रबराचं नुकसान. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. आत राहिलेलं रॉकेल नव्या तेलाला पातळ करून टाकतं. हवेच्या फवाऱ्याने वाळवत असाल तर बेअरिंग हाताने धरून ठेवा, कोरडे छर्रे वेगाने फिरवले तर तिथेच खरवडले जातात.

वाळल्यावर बघायचं काय? प्रत्येक खिट्टी बोटाने दाबून सोडा, ती टुणकन उठली पाहिजे. आळसावून उठत असेल तर अजून ग्रीस शिल्लक आहे. अजिबात उठत नसेल तर स्प्रिंग गेली. कोनावर छर्र्यांचा माग चकचकीत पट्ट्यासारखा दिसला तर उत्तम. त्यात काळे खड्डे दिसले तर कोन बदला, छर्रेही सगळे बदला, जुने-नवे मिसळू नका. हबच्या अंगातल्याच वाटीत खड्डे असतील तर ती बदलत नाही. अंग बदलायचं म्हणजे चाक नव्याने विणायचं. आतला सांगाडा मात्र बऱ्याच हबना सबंध नवा मिळतो आणि जुन्या अंगात बसतो, त्यामुळे चाक मोडीत काढण्याआधी तेवढं विचारा.

आता वंगण. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पाणी आत येऊ नये म्हणून हब जाड ग्रीसने ठासून भरणारे लोक मी पाहिले आहेत. हेतू चांगला, परिणाम उलटा: ग्रीस खिट्ट्यांना दाबून धरतं, सायकल जड चालते, आणि आत आलेलं पाणी ग्रीसमध्ये कैद होऊन आरामात गंज धरतं. वंगणाचे दोन भाग करा. छर्रे आणि कोन यांना पाण्यात न विरघळणारं, बोटींच्या कामाला वापरतात तसलं घट्ट ग्रीस, भरपूर. खिट्ट्या आणि ग्रहचाकांना तेल किंवा अगदी वाहतं, मधाइतकं पातळ ग्रीस, थोडंसं.

शिमानोच्या आठ गिअरसाठी निर्मात्याचीच पद्धत आहे: सांगाडा डाव्या टोकाकडून त्यांच्या देखभाल-तेलात सुमारे ९० सेकंद बुडवायचा, मग सुमारे ६० सेकंद निथळू द्यायचा. हे दर दोन वर्षांनी किंवा ५,००० किलोमीटरनंतर. सतत पावसात चालणाऱ्या सायकलला मी दरवर्षी, पावसाचे दिवस संपले की लगेच करायला सांगेन. पावसाच्या आधी नव्हे. आधी केलंत तर नवं तेल भिजतं आणि मग ते भिजलेलं तेल पुढचे आठ-नऊ महिने आत बसून राहतं.

रोलॉफला ५,००० किलोमीटर किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा. धुण्याचं द्रव आत घालून साधारण किलोमीटरभर तिसऱ्या-पाचव्या गिअरमध्ये अदलाबदल करत चालवायचं, निथळू द्यायचं, मग नवं तेल. प्रमाण सांगितलंय तेवढंच घाला. जास्तीचं तेल हबला जास्त सुरक्षित करत नाही, ते सीलमधून बाहेर येऊन तारांवर पसरतं. किंचित तेलाचा घाम येणं या हबला चालतं. अकरा गिअरच्या आल्फिनीत पहिलं तेल १,००० किलोमीटरनंतर बदलायचं असतं. ते बरेच जण टाळतात, आणि नव्या दात्यांचा कीस त्याच तेलात फिरत राहतो.

कोन, कडा आणि मडगार्ड

बसवताना कोन किंचित सैल ठेवा. चाक फ्रेममध्ये घालून नट आवळल्यावर रिमजवळ जेमतेम जाणवेल इतकाच खेळ राहू द्या. कोन जास्त आवळला तर चाक जड होतं आणि छर्रे लवकर जातात. फार सैल ठेवला तर चाक डुलतं, सीलची फट एका बाजूला मोठी होते आणि पाण्याला वाट मिळते.

मग बाहेरून, कोन आणि धूळटोपणाच्या मधल्या खाचेत, घट्ट जलरोधक ग्रीसचं एक कडं बोटाने भरा. डावीकडे आणि उजवीकडे दातेरी चाकामागे, दोन्हीकडे. आत न ठासता फक्त दाराशी. हे कडं फिरत्या रबरावर दाब देत नाही, त्यामुळे जडपणा फारसा येत नाही, आणि पाणी सीलच्या ओठापर्यंत सहज पोचत नाही. ते काळं पडलं, वाळू धरली की पुसून नवं भरा. महिन्याला पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्या उपायांत याचाच मोबदला सर्वांत जास्त.

लांब मडगार्ड लावा. पूर्ण चेनकव्हर असेल तर उजव्या बाजूचा निम्मा प्रश्न मिटतो आणि चेनही कोरडी राहते. वायरचं कव्हर हबकडे येण्याआधी खालून वळसा घेत असेल तर त्या तळच्या बिंदूला बारीक छिद्र करून पाणी निथळू देतात काही जण. मला त्यापेक्षा सरळ आतून अस्तर असलेलं, टोकांना रबराच्या टोप्या असलेलं कव्हर बरं वाटतं.

लांब उतारानंतर समोर ओढा असेल तर पाच मिनिटं थांबा. हब हवेत थंड होऊ द्या, म्हणजे जी हवा आत ओढली जायची ती ओढली जाईल, आणि मग पाण्यात उतरा. सायकल धुतानाही तेच: आधी सावलीत थंड, मग ओलं फडकं आणि ब्रश.

हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो तिथे आत राहिलेलं थोडंसं पाणीही खिट्ट्या गोठवतं आणि पायडल दोन्ही दिशांना रिकामी फिरतात. उकळतं पाणी ओतू नका, सायकल घरात घ्या आणि वितळल्यावर तेल बदला.

हबच्या अंगाला ड्रिलने तेलाचं भोक पाडायचं का, असं बरेच जण विचारतात. करता येतं आणि करणारे करतात. पण सांगाडा आत असताना केलंत तर ड्रिलचा कीस आत पडतो, वॉरंटी जाते, आणि भोकाला नीट बुच बसलं नाही तर तुम्ही पाण्याला चौथी वाट दिलीत. सांगाडा बाहेर काढून ठेवलेला असेल, हातात कसब असेल आणि हब जुना असेल, तरच विचार करा.

सगळं बसवल्यावर पहिले काही किलोमीटर सपाट रस्त्यावर, बसून, प्रत्येक गिअरमध्ये चालवा. नव्या वायरचं कव्हर थोडं दबून बसतं, म्हणून ठरलेल्या गिअरवरच्या खुणा परत एकदा जुळवाव्या लागतात, आणि कोनही शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा लागतो. एवढं करूनही सटकणं एका ठरावीक गिअरमध्येच येत राहिलं, सकाळ-संध्याकाळ सारखंच, खुणा बरोबर असताना, तर आता दोष पाण्याचा नाही. त्या गिअरचे दाते किंवा खिट्टीची कड गोलाई धरून झिजली आहे, आणि तिथे तेल कुठलंही घाला, सांगाडा बदलावाच लागतो.